श्रोत्याचे वय आणि अभिरुचीची वाट : ठाणे–कल्याण परिसरातील संगीतश्रवणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बाळकुम हे ठाणे शहराच्या ईशान्येस, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळीच्या खाडीपुलाच्या अलीकडे वसलेले जुने गाव होय. आगरी आणि कोळी समाजाची वस्ती, भातशेती आणि खाडीवरील मासेमारी ही या पट्ट्यातील गावांची पूर्वापार ओळख होती. स्वातंत्र्यानंतर कोलशेत–बाळकुम भागात रासायनिक कारखाने आले, १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढील काळात शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. आज येथे जुने गावठाण आणि उंच इमारती शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यामुळे संगीत ऐकण्याच्या दोन निरनिराळ्या रीतीही शेजारीशेजारी आढळतात. एकीकडे हळदीच्या रात्रीचा बेंजो आणि हरिनाम सप्ताहातील टाळ-पखवाज, तर दुसरीकडे नाट्यगृहातील मैफल आणि दिवाळी पहाट.

या दोन्ही रीतींमध्ये एक समजूत मात्र समान आहे. वय वाढले की माणसाची संगीताची आवड परिपक्व होते, ही ती समजूत होय. मध्यमवर्गीय घरात तिचे रूप असे की, तरुणपणी चित्रपटगीत, संसारात भावगीत व नाट्यपद आणि उतारवयात ख्याल. गावठाणात तिचे रूप असे की, तरुणपणी नाच आणि वय झाल्यावर भजन. अशी क्रमवारी खरोखरच वयामुळे घडते काय, की तिच्यामागे इतिहासाने घडविलेली काही व्यवस्था असते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. निबंध सर्वेक्षणावर आधारलेला नाही. महाराष्ट्रातील, विशेषतः ठाणे–कल्याण–डोंबिवली पट्ट्यातील श्रवणाच्या साधनांचा व प्रसंगांचा गेल्या सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांचा आढावा घेऊन येथे मांडणी केली आहे.

१. परिपक्वतेची कल्पना : दोन मते

भारतीय काव्यशास्त्राने रसिकासाठी 'सहृदय' ही संज्ञा वापरली. दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने 'ध्वन्यालोका'वरील आपल्या 'लोचन' या टीकेत सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, अशा व्यक्तीचा निर्देश केला आहे. या लक्षणात वयाचा उल्लेख नाही, अभ्यासाचा आहे. मराठीत चांगल्या श्रोत्याला आपण 'कानसेन' म्हणतो किंवा 'बहुश्रुत' म्हणतो. या शब्दांतही किती वर्षे जगला यापेक्षा किती ऐकले यालाच महत्त्व आहे.

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. मॉरिस होलब्रुक व रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, माणसाला लोकप्रिय गीतांपैकी सर्वाधिक प्रिय वाटणारी गीते ही साधारणपणे तो तेवीस-चोवीस वर्षांचा असतानाच्या काळातील असतात. पुढे २०१३ साली कॅरोल क्रुमहान्सल व जस्टिन झुपनिक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली. विद्यार्थ्यांना स्वतःच्या काळातील गाणी तर जवळची वाटतच होती, परंतु त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या काळातील गाण्यांबाबतही त्यांच्या मनात आठवणींचा एक स्वतंत्र उंचवटा आढळला. ही गाणी त्यांनी निवडून ऐकलेली नव्हती, घरात लागत होती म्हणून ती कानावर पडली होती.

प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने ही दुसरी बाब फार महत्त्वाची आहे. प्रौढपणी माणूस ज्या संगीताकडे वळतो ते त्याला नव्याने सापडलेले असते, की लहानपणी नकळत, प्रसंगी अनिच्छेने ऐकलेल्या संगीताकडे तो परत जात असतो? मराठी संगीतश्रवणाचा इतिहास दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने साक्ष देतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. नाटकाच्या निमित्ताने राग

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. १८८२ साली 'संगीत सौभद्र' आले. या नाटकांतील पदांच्या चाली कीर्तन, लावणी, साकी-दिंडी, तसेच कर्नाटकातील गीतप्रकार अशा अनेक परिचित स्रोतांतून आलेल्या होत्या. प्रेक्षकाला त्या ओळखीच्या वाटत. त्यानंतर १९११ साली 'संगीत मानापमान'च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि १९१६ साली 'संगीत स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून पदे बांधली. कथा पाहण्यासाठी आलेल्या प्रेक्षकाच्या कानावर आता उत्तर हिंदुस्थानी रागदारी पडू लागली.

हा बदल श्रोत्याच्या घडणीच्या दृष्टीने निर्णायक होता. दरबारात किंवा खाजगी बैठकीत ज्याला प्रवेश नव्हता, असा कारकून, शिक्षक, दुकानदार आता तिकीट काढून बालगंधर्वांच्या मुखातून राग ऐकत होता. त्याच्याबरोबर त्याचा मुलगाही ऐकत होता. 'वन्समोअर'च्या प्रथेमुळे एकच पद पुनःपुन्हा ऐकावयास मिळे आणि प्रत्येक वेळी त्यातील विस्तार निराळा असे. अनुशीलनाची जी अट अभिनवगुप्ताने घातली, ती नाटकगृहाने करमणुकीच्या वेषात पुरी केली, असे म्हणता येईल. पुढे याच पिढीतील मुले मोठी होऊन ख्यालाच्या मैफलीस जाऊ लागली, तेव्हा त्यांना तेथील भूप किंवा यमन अपरिचित वाटला नाही.

कुमार गंधर्वांचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. १९२४ साली जन्मलेले कुमारजी बालवयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे देवासला स्थायिक होऊन त्यांनी ख्याल, निर्गुणी भजन आणि माळव्याचे लोकसंगीत यांतून स्वतःची स्वतंत्र वाट घडविली. अशी वाट चालून झाल्यावर, परिपक्व वयात त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सादर केला. एका श्रेष्ठ ख्यालगायकाने नाट्यपदाकडे वळणे याला प्रगतीच्या नेहमीच्या शिडीत जागा नाही, कारण त्या शिडीवर नाट्यपद ख्यालाच्या खाली आहे. कार्यक्रमाच्या नावातील 'उमजलेले' हा शब्द मात्र अचूक आहे. पूर्वी जे ऐकले होते तेच वय वाढल्यावर उमजले.

३. लोहमार्ग, गायनसंस्था आणि शेवटची गाडी

ठाणे व कल्याण ही गावे मुंबईच्या संगीतविश्वाशी जोडली गेली ती लोहमार्गाने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५४ साली मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगाव, दादर येथील मैफली ऐकून परतणाऱ्या या भागातील श्रोत्याच्या श्रवणाला शेवटच्या गाडीची मर्यादा होती. ज्याच्या अंगावर संसाराची जबाबदारी नव्हती किंवा जो ती पार पाडून मोकळा झाला होता, त्यालाच पहाटेपर्यंत बसून राहणे शक्य होई. मैफलीत तरुण आणि वृद्ध दिसतात पण मधल्या वयाचा माणूस कमी दिसतो, या नेहमीच्या निरीक्षणाचे कारण अभिरुचीपेक्षा दिनक्रमात अधिक आहे.

ही अडचण काही अंशी स्थानिक संस्थांनी दूर केली. कल्याण गायन समाजाची स्थापना १९२६ सालची. एखाद्या तालुक्याच्या गावी सतत चाललेल्या अशा संस्थेचे महत्त्व मोठ्या संमेलनापेक्षा वेगळे असते. तेथे श्रोता चालत जातो, मुलाला बरोबर नेतो, आणि न समजलेले गाणेही अर्धा तास ऐकून घेतो. ठाण्यात संगीतभूषण पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांचे वास्तव्य होते. बालनट म्हणून प्रभातच्या 'गोपाळकृष्ण' (१९३८) या चित्रपटातून लोकांपुढे आलेले राममराठे पुढे अनेक गुरूंकडे शिकून ख्यालगायक झाले आणि १९६३ साली 'संगीत मंदारमाला' या नाटकाचे संगीतकार व गायकनट म्हणून घराघरांत पोहोचले. चित्रपट, नाटक आणि मैफल या तिन्ही ठिकाणी एकच कलावंत भेटत असल्याने त्या पिढीच्या श्रोत्याला एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना दार ठोठवावे लागले नाही. ठाणे महानगरपालिका त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत महोत्सव भरविते. भावगीतांचे कवी पी. सावळाराम हेही ठाण्याचे. त्यांनी शहराचे नगराध्यक्षपद भूषविले होते. भावगीतकाराला नगराध्यक्ष करणाऱ्या गावात सुगम आणि अभिजात यांच्यामधील भिंत फार उंच नव्हती, असे मानण्यास हरकत नसावी.

लोहमार्गानेच आणखी एक श्रवणप्रकार जन्मास घातला. कल्याण, डोंबिवली, ठाणे येथून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या प्रवाशांची भजनी मंडळे लोकलच्या डब्यात टाळांच्या साथीने भजन करीत आली आहेत. मैफलीस जाण्यास ज्याला सवड नाही असा हा मधल्या वयाचा माणूस. त्याने प्रवासाच्या तासालाच संगीताचा प्रसंग बनविले. मधल्या वयात संगीताची गोडी ओसरते असा निष्कर्ष काढणाऱ्याने हा डबा पाहावयास हवा.

४. आकाशवाणी : एक घर, एक संच

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तथापि मध्यमवर्गीय घरात रेडिओ खऱ्या अर्थाने स्थिरावला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर मराठी होते आणि अभिजात संगीताचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शेकडो गायक-वादकांना आकाशवाणीने आधार दिला. त्याच वेळी चित्रपटगीते मात्र आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. जनतेची अभिरुची उंचावण्यासाठी हलके संगीत तिच्या कानावर पडू देऊ नये, अशी या धोरणामागील भूमिका होती.

परिणाम सर्वश्रुत आहे. श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तरुण पिढी तिच्याभोवती गोळा झाली. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांच्या धोरणाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. काय ऐकवावे याबाबतचा त्यांचा प्रयत्न दीर्घकाळ फलदायी ठरला, कारण त्यामुळे रागसंगीत घराघरांत पोहोचले. काय ऐकू देऊ नये याबाबतचा प्रयत्न पाच वर्षेही टिकला नाही. वडीलधाऱ्यांची आवड म्हणजे परिपक्वता आणि तरुणांची आवड म्हणजे अपरिपक्वता, असे शासनाने ठरविले की तरुण दुसरे केंद्र लावतो.

तथापि त्या काळातील घरात संच एकच होता, ही गोष्ट धोरणापेक्षाही अधिक परिणामकारक ठरली. मुलाला सिलोन हवे असे, आजोबांना शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम हवा असे, आईला 'वनिता मंडळ' आणि 'आपली आवड', आणि कारखान्यात जाणाऱ्या काकांना 'कामगार सभे'तील लोकगीते. प्रत्येकाला आपल्या आवडीचे थोडे मिळे आणि इतरांच्या आवडीचे बरेच ऐकून घ्यावे लागे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले. वर्षभर चाललेल्या या मालिकेत छप्पन गीते होती. आजीने ती भक्तीने ऐकली, वडिलांनी काव्य म्हणून ऐकली, आणि मुलांनी इतर काही लावता येत नव्हते म्हणूनही ऐकली. या गीतांच्या चालींत अनेक रागांची बीजे होती. त्या मुलांपैकी कित्येक जण चाळिशी-पन्नाशीत रागसंगीताकडे वळले, तेव्हा त्यांना 'वय झाले' असे म्हटले गेले. वास्तविक त्यांच्या कानात पेरणी आधीच झालेली होती, वयाने केवळ सवड दिली.

५. बाळकुमची बाजू : वयानुसार वाटलेले गाणे

आतापर्यंतचा आढावा प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाचा आहे. बाळकुमसारख्या आगरी-कोळी गावांत अभिरुचीची परिपक्वता ही व्यक्तीची खाजगी बाब नव्हती. गाणे वयानुसार आणि नात्यानुसार वाटून दिलेले होते. हळदीच्या रात्री नाचणे हे तरुणांचे काम, तर लग्नविधीतील धवले गाणे हा जाणत्या स्त्रीचा, म्हणजे धवलारिणीचा अधिकार. मांडव, हळद, पाठवणी अशा एकेका विधीला तिचे गाणे लागे. 'धवळे' हा शब्द मराठीत फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्रीच्या रचनाप्रकाराशी नाते सांगणारा हा शब्द खाडीकाठच्या निरक्षर स्त्रियांनी शतकानुशतके तोंडी सांभाळला, ही वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट आहे.

धवलारीण होण्यासाठी वेगळे शिक्षण नसे. लहान मुलगी मांडवात मोठ्या बायकांच्या मागे बसे, पेंगत पेंगत ऐके, पुढे ध्रुपद धरू लागे आणि वय झाल्यावर पुढे बसे. पुरुषांच्या बाजूस भजनाचीही रीत अशीच होती. हरिनाम सप्ताहात मूल वडिलांच्या मांडीवर बसून टाळ धरावयास शिके. तरुणपणी तेच मूल बेंजोच्या तालावर नाचे, आणि चाळिशीनंतर पुन्हा टाळ हाती घेई. ठाणे-रायगडच्या आगरी पट्ट्यात वारकरी परंपरा बळकट आहे. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ज्यांचे नाव आहे ते ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे हे याच परंपरेतील. येथील संगीत भजनात रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत रागांचा एक क्रम असतो, पखवाजाची साथ असते आणि गायक पेटीवर सूर धरून आलापीही करतो. 'शास्त्रीय संगीत कळत नाही' असे सांगणारा भजनी बुवा भैरवी चुकली तर लगेच ओळखतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी १९७९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अभिरुची ही सामाजिक वर्गाची खूण असते, असे प्रतिपादन केले. आपल्याकडेही ख्याल ऐकणारा तो परिपक्व आणि भजन ऐकणारा तो भाविक, अशी विभागणी सहज केली जाते. परंतु बाळकुमचा वृद्ध श्रोता आणि नौपाड्याचा वृद्ध श्रोता यांच्या वाटचालीची तुलना केल्यास दोघेही एकच गोष्ट करीत असल्याचे दिसते. दोघेही मधल्या काळातील धावपळ संपवून बालपणीच्या बैठकीकडे परतलेले असतात. फरक आहे तो बैठकीचा आणि तिला समाजाने दिलेल्या प्रतिष्ठेचा. भैरवी दोघांच्याही कानात आहे. एकाच्या भैरवीला सभागृह मिळाले, दुसरीला मंदिराचा ओटा.

६. ध्वनिफीत, ध्वनिनियम आणि कर्णश्रवणी

१९८० नंतर स्वस्त ध्वनिफितींनी देशभर क्रांती केली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली उत्तर भारतातील ध्वनिफितींच्या या संस्कृतीवर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात या माध्यमाने प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते आणि आगरी गीते बाजारात आणली. ज्या संगीताला आकाशवाणीने ठराविक वेळच दिला होता, त्याला आता स्वतःचे दुकान मिळाले. रागसंगीताच्या चाहत्यांनाही ध्वनिफितीने मोठी देणगी दिली. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत न मावणारी मैफल आता घरी पुनःपुन्हा ऐकता येऊ लागली. श्रवणाचा अभ्यास प्रथमच पूर्णपणे श्रोत्याच्या हाती आला.

या सोयीबरोबर एक नुकसानही झाले. ध्वनिफितीपासून सुरू झालेली एकाकी श्रवणाची प्रवृत्ती भ्रमणध्वनी आणि कर्णश्रवणी यांनी पूर्ण केली. आज एका घरात चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकतात आणि कोणाचे कोणाला ऐकू जात नाही. शिवाय आंतरजालावरील गणिती निवड श्रोत्याला त्याने आधी पसंत केलेल्यासारखेच आणखी काही पुढे करते. नको असलेले गाणे ऐकून घेण्याची सक्ती संपली. स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह आहे, परंतु ज्या अनिच्छेच्या श्रवणातून पुढच्या वयाची पेरणी होत असे, तेही त्याबरोबर संपले.

दुसरा बदल कायद्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, बंदिस्त सभागृहे वगळता, ध्वनिवर्धकाच्या वापरावर बंदी घातली. वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास पुढे मिळाला. आजारी माणसे, विद्यार्थी व वृद्ध यांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे याबद्दल दुमत नसावे. परंतु हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा मालकंस, पहाटेपूर्वीचा ललित हे राग रात्रभर चालणाऱ्या उघड्या मैफलीत त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत. नव्या पिढीतील श्रोत्याला ते त्यांच्या वेळी ऐकण्याचा प्रसंग क्वचितच येतो. सप्ताहातील रात्रभराच्या जागरालाही हीच मर्यादा आली. सकाळच्या रागांसाठी दिवाळी पहाटेने काही प्रमाणात वाट मोकळी ठेवली आहे. ठाण्यातील तलावपाळी आणि डोंबिवलीतील फडके रस्ता येथे दिवाळीच्या सकाळी जमणारी तरुणांची गर्दी मुख्यतः एकमेकांना भेटण्यासाठी जमते, हे खरे. पण संगीत नाटकांचा प्रेक्षकही आरंभी कथा पाहण्यासाठीच आला होता.

७. पांढऱ्या केसांचा प्रश्न

१९७८ साली सुरू झालेल्या गडकरी रंगायतनात किंवा २०११ साली सुरू झालेल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात अभिजात संगीताच्या कार्यक्रमास गेल्यास पांढऱ्या केसांचीच संख्या अधिक दिसते. यावर दोन प्रकारची भाष्ये ऐकू येतात. पहिले निराशेचे : ही पिढी गेली की श्रोता संपणार. दुसरे आश्वासक : असे नेहमीच होते, आजचे तरुणही वय झाल्यावर येथेच येतील.

वरील विवेचनाच्या आधारे दोन्ही भाष्ये अपुरी ठरतात. आज सत्तरीत असलेल्या श्रोत्याचा जन्म १९५० च्या आसपासचा. त्याच्या बालपणी 'गीतरामायण' झाले, शालेय वयात 'मंदारमाला' आले, १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, आणि घरात एकच रेडिओ होता. तो आज सभागृहात आहे याचे कारण केवळ त्याचे वय नाही. साठ वर्षांपूर्वी त्याच्यासाठी कोणीतरी वाट तयार केली होती. आजचा वीस वर्षांचा तरुण २०७५ साली सत्तरीत असेल. तो त्या वेळी कशाकडे परतेल हे आज त्याच्या कानावर, त्याने मागितलेले नसताना, काय पडते यावरून ठरणार आहे. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' चित्रपटरूपाने आले तेव्हा ज्या मुलांना आईवडिलांनी चित्रपटगृहात नेले, त्यांच्यापुरती एक पायवाट पडली असे म्हणता येते.

धवल्यांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रिका आहेत, ग्रंथ आहेत, महोत्सव आहेत. धवला केवळ मांडवात होता. लग्न सभागृहात गेले, विधी दोन तासांवर आले, ध्वनिवर्धकाने मांडव व्यापला, आणि मोठ्या बायकांच्या मागे बसून पेंगणाऱ्या मुलीची जागा नाहीशी झाली. ती मुलगी साठ वर्षांची होईल तेव्हा तिला परतण्यासाठी त्या गाण्याची आठवणच नसेल. आगरी गीते आंतरजालावर आज उदंड आहेत, परंतु ती बहुतांशी नाचाची, म्हणजे एकाच वयाची आहेत. समाजाने वयानुसार वाटलेल्या गाण्यांपैकी तरुणांचा वाटा बाजाराने उचलला आणि वृद्धेचा वाटा मागे राहिला.

निष्कर्ष

१. वयानुसार अभिरुची परिपक्व होते हे विधान अर्धसत्य आहे. वय सवड, निवांतपणा आणि आठवण देते. आठवणीत काय असावे हे मात्र बालपणीचे व तारुण्यातील श्रवणप्रसंग ठरवितात.

२. मराठी समाजात हे प्रसंग संगीत नाटक, गायनसंस्था, एकसंची रेडिओ, भजन आणि लग्नमांडव यांनी पुरविले. या सर्वांत निरनिराळ्या वयाची माणसे एकत्र बसत, हा त्यांचा समान गुण होता.

३. वरिष्ठांची आवड सक्तीने लादण्याचा प्रयत्न टिकत नाही, हे १९५२ ते १९५७ या काळातील आकाशवाणीच्या अनुभवावरून दिसते. एकत्र बसण्याची सवय मात्र सक्तीवाचून परिणाम करते.

४. ख्यालाकडे वळणे आणि भजनाकडे वळणे या एकाच स्वरूपाच्या प्रक्रिया आहेत. त्यांपैकी एकीलाच परिपक्वता म्हणणे इतिहासदृष्ट्या समर्थनीय नाही.

५. ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयांत बाळकुम, कोलशेत, दिवा, डोंबिवली परिसरातील आगरी-कोळी कुटुंबांतील विद्यार्थी शिकत आहेत. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी त्यांना आपल्या घरातील आजीकडून धवले ऐकून, ध्वनिमुद्रित करून, लिहून घेण्याचे प्रकल्प दिल्यास दुहेरी लाभ होईल. एका मौखिक परंपरेची नोंद होईल, आणि त्या विद्यार्थ्याला एक दुपार आजीशेजारी बसून, त्याने निवडलेले नसलेले गाणे ऐकावे लागेल. नोंद ग्रंथालयात राहील. त्या दुपारचा उपयोग त्याला कदाचित चाळीस वर्षांनी कळेल.